चौरंगाचे स्क्रू

१३ एप्रिल २०२५, रविवार

उद्या कोणी म्हणायला नको की सुभानरावांनी आकसानं केलं. म्हणून ही वही. जे दिसेल ते, ज्या दिवशी दिसेल त्याच दिवशी लिहिणार. चौतीस वर्षं मी इथे बडोद्यात, गोरव्याच्या कारखान्यात फायबरच्या टाक्यांची तपासणी केली. कागदावर नसलेली गोष्ट मी मानत नाही.

तर प्रकरण असं. आमच्या गणेश मंडळाची एक होडी आहे. सोळा फुटी, फायबरची, मागे मोटर. पंचवीसएक वर्षांपूर्वी जुनीच विकत घेतलेली. वर्षभर ती अध्यक्ष तुकोजीरावांच्या मळ्यातल्या तलावावर असते आणि अनंत चतुर्दशीला दांडिया बाजारातला आमचा गणपती तिच्यावर बसून तलावाच्या मध्यापर्यंत जातो. गेल्या वर्षी गेला नाही. काठापासून वीस हातांवर डेक खचला. माझा धाकटा भाऊ आनंद मूर्तीला मागून धरून उभा होता. त्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला, मूर्ती त्याच्या अंगावर आली आणि होडी कलंडून मूर्तीसकट तो पाण्यात गेला. खुबा मोडला. शाळेत संस्कृत शिकवणारा, रोज चार किलोमीटर चालणारा माणूस, आता वॉकर धरून बाथरूमपर्यंत जातो. मला ते बघवत नाही. वरच्याच मजल्यावर राहतो, वॉकरचा ठक ठक आवाज माझ्या डोक्यावर दिवसभर चालू असतो.

होडी सांभाळतो विश्राम. रेल्वेतून खलाशी म्हणून रिटायर झालेला, मूळचा मालवणकडचा. बारा वर्षं तलावाकाठी होडीच्या शेडमागच्या खोलीत राहतोय. बायको गेली, मूलबाळ नाही. काम काय तर होडी कोरडी ठेवणं. एवढं एक काम, तेही झालं नाही. डेकच्या आत पाणी मुरलं, प्लायवुड कुजलं आणि माझ्या भावाचा पाय गेला. शिवाय गेल्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा कोणाला न विचारता हा गडी होडी टेम्पोत घालून शहरात घेऊन गेला. दोन दिवस लोक काढत होता म्हणे. बारा बारा जण बसवले. त्यातही डेकची वाट लागली असणार.

हे सगळं मी चार पानी रिपोर्टात लिहून तुकोजीरावांना दिलंय. त्यांनी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. एक जूनला सभा आहे. विश्रामकडून होडी आणि खोली दोन्ही काढून घ्यायची का, ते तिथे ठरेल. त्याआधी मी डेक कापून आतली घाण सगळ्यांना दाखवणार आणि दुरुस्तीही करणार.

सरोजिनी म्हणाली, "रिपोर्ट आधी आणि तपासणी नंतर, असं तुमच्या कारखान्यात चालायचं का हो?"

तिला टाक्यांतलं काय कळतं!

१५ एप्रिल, मंगळवार

होडी गोरव्याला आणली. पीयूषच्या शेडमध्ये. पीयूष माझ्या हाताखाली शिकला, आता स्वतःचं युनिट आहे, शेडचा एक कोपरा महिनाभर वापरा म्हणाला. गुजराती असला तरी मराठी बरं बोलतो, मधूनच गाडी घसरते.

टेम्पोत चढवताना विश्राम होता. त्यानेच खाली टायर लावले, दोऱ्या आवळल्या. मी टेम्पोच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. निघताना हा आपला जवळ आला. "साहेब, डेक कापायच्या आधी आतून आडवे टेकू लावा. नाहीतर दोन्ही बाजू सुटतील, होडीचा आकार जाईल."

मला शिकवतोय! ज्यानं तीस तीस फुटी टाक्या कापल्यात त्याला! मी म्हटलं, "तू तुझं बघ." त्यानं मान हलवली आणि ताडपत्रीची घडी घालायला लागला. एवढी घड्या घालायची आवड आहे तर पावसाळ्यात घालायची होती ताडपत्री होडीवर.

शेडमध्ये आल्यावर टेकू लावले. लावायचेच होते.

तुकोजीराव फोनवर म्हणाले, खोली रिकामी झाली की ती शेड पाडून तिथे लग्नासाठी लॉन करायचा विचार आहे. तलावाकाठी जागा छान आहे. चांगली कल्पना.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज डेक ठोकून पाहिला. हातोडीच्या दांड्यानं टिचकी मारत जायचं. आतलं प्लायवुड चांगलं असेल तर आवाज टणक येतो, सडलं असेल तर थप्प. जिथे थप्प तिथे खडूनं रेघ. अकरा वाजेपर्यंत रेघा जुळल्या. मला वाटलं होतं डेक सगळीकडून गेला असेल. तसं नाही. पुढचा भाग ठणठणीत, मागे मोटरजवळ ठणठणीत, दोन्ही कडा ठणठणीत. मधलाच एक चौकोन गेलाय, साधारण चार फूट बाय साडेतीन. म्हणजे बरोबर चौरंग बसतो तेवढाच. मूर्तीच्या भारानं झालं असणार.

चौरंगाचं इथे लिहून ठेवतो, कारण सभेत कोणी विचारेल. २००३ साली विसर्जनाच्या वेळी होडी डुलली आणि चौरंग घसरला होता. तेव्हापासून चौरंगाचे चार पाय मी चार पितळी स्क्रूंनी डेकला पक्के करतो. दरवर्षी, माझ्या हातानं. आमच्या घराण्याचा मानच झालाय तो. मूर्ती कधी मोठी, कधी लहान, त्यामुळे चौरंग दोन बोटं इकडेतिकडे सरकतो, जुन्या भोकात स्क्रू धरत नाही, नवीन पाडावं लागतं. पण मी भोकं उघडी टाकत नाही हो! विसर्जन झालं की तळातली जी मूठभर माती पाटावर घेऊन आपण घरी आणतो, तिच्यातलीच चिमूट चिमूट चारही भोकांत दाबून भरतो. बाप्पा बसले तिथे बाप्पाची माती. बायका वाकून नमस्कार करतात त्या जागेला.

आणि हा विश्राम! दर वर्षी त्याची तीच कटकट. "साहेब, होडीला भोक पाडू नये. दोरीनं बांधा, मी बांधून देतो." एका वर्षी तर यानं मागाहून भोकांवर डांबर फासलं. गणपतीच्या पायाखाली डांबर! पुढच्या वर्षी मी ब्लेड घेऊन सगळं खरवडून काढलं आणि चारचौघांत त्याला असा झापला की पुन्हा डांबराचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर आनंद नाही. रिक्षा करून तलावावर गेला होता, विश्रामकडे. वॉकर घेऊन! ज्याच्यामुळे लंगडा झाला त्याच्याकडे जाऊन चहा पितो. मी आवाज चढवला. तो म्हणाला, "दादा, त्यानं मला पाण्यातून बाहेर काढलं." मी म्हटलं, "आधी पाण्यात घातलं कोणी?" त्यावर तो वॉकर टेकत आत निघून गेला. उत्तर असतं तर दिलं असतं.

२१ एप्रिल, सोमवार

कापला.

सकाळी सहाला सुरुवात. नऊनंतर पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. फायबरचा डेक म्हणजे सँडविच समजा. वर फायबरची कातडी, मध्ये प्लायवुड, खाली पुन्हा फायबरची कातडी. वरची कातडी तेवढी कापून काढायची, सडलेलं प्लायवुड खरवडायचं, नवीन बसवायचं, कातडी परत चिकटवायची. ग्राइंडरची चकती किती आत जाऊ द्यायची यातच सगळी कला आहे. जास्त गेली तर खालचीही कातडी फाटते. माझा हात अजून हलत नाही, अडुसष्टाव्या वर्षी. चौकोनाचे चार तुकडे केले, प्रत्येकावर आकडा घातला, म्हणजे परत त्याच जागी बसतील. चौथा तुकडा आधीच फुटका, आनंदच्या पायानं.

छिन्नी घालून पहिला तुकडा उचलला आणि वास आला. मेलेल्या उंदरासारखा. आतलं प्लायवुड काळं, हातात घेतलं तर चहाच्या चोथ्यासारखं गळालं. बोट दाबलं की पाणी. एप्रिलात, बेचाळीस डिग्रीत, पाणी!

फोटो काढून ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "बारा वर्षांच्या निष्काळजीपणाचा पुरावा." अठरा अंगठे आले. तुकोजीरावांनी हात जोडलेले पाठवले.

पीयूष बघून गेला. म्हणाला, "सुभानभाई, पण पाणी आलं क्यांथी?" मी म्हटलं, कुठून म्हणजे काय, वरून. ताडपत्री घातली नाही. तो कडेच्या प्लायवुडवर नख मारत म्हणाला, "आ तो एकदम कोरडं छे." मी म्हटलं, तू तुझ्या टाक्या बघ.

२२ एप्रिल, मंगळवार

काल राहून गेलं होतं, तुकडे उलटे करून पाहिले.

आतल्या बाजूला भोकं आहेत. ओळीनं, पुंजक्यांनी, एकमेकांना खेटून. प्रत्येक भोकाभोवती काळं वर्तुळ. जिथे वर्तुळं एकमेकांना मिळाली तिथे सगळंच काळं. भोकात माती. खिळ्यानं उकरून पाहिली. ओली होती.

ताडपत्री घातली नसती तर डेक कडेनंही सडला असता. तो सडलेला नाही. हे मला समजत नाही.

मोजली. ऐंशी. २००३ ते २०२४, कोरोनाची दोन वर्षं सोडून वीस वर्षं, चोक ऐंशी. आणि एक जास्तीचं. त्यात पितळी स्क्रू मोडून अडकलेला आहे, डोकं नसलेला. तो २०११ चा. मला आठवतं, डोकं तुटलं तेव्हा मी शिवी दिली होती आणि भटजींनी डोळे वटारले होते.

२३ एप्रिल, बुधवार

गेलो नाही. डोकं दुखतंय. उन्हाचं.

२६ एप्रिल, शनिवार

अंदाजानं बोलणं माझ्यात नाही. चाचणी घेतोय. नवीन मरीन प्लायवुडचे दोन तुकडे घेतले, वर फायबर चढवलं, प्रत्येकात चार भोकं पाडली. एकाच्या भोकांत रेझिन भरलं, फायबर चिकटवायचा डिंकच तो. दुसऱ्याच्या भोकांत माती, देव्हाऱ्यातल्या डबीतली, आधीच्या एका विसर्जनाचीच. सरोजिनीला सांगितलं नाही. दोन्ही तुकडे उथळ ट्रेमध्ये, वरून रोज दोन तांबे पाणी. नऊ दिवस. पीयूष विचारत होता हे काय, मी म्हटलं रेझिनची बॅच तपासतोय.

मातीनं काही होणार नाही. माती ती काय, बोटभर.

कारखान्यात माझा नियम होता. टाकीला एक स्क्रू जरी मारला आणि आत सील केलं नाही, तर त्या माणसाला मी सरळ गेटबाहेर काढायचो. दोघांना काढलंय. हे आज का आठवलं माहीत नाही.

५ मे, सोमवार

नऊ दिवस झाले. रेझिनचा तुकडा कापला. आत कोरा, पांढरा. मातीचा कापला. चारही भोकांभोवती प्लायवुड फुगलंय, थर सुटलेत, वास सुरू झालाय.

माती पाणी धरून ठेवते. सोडत नाही. वर ऊन पडलं तरी आत ओलंच. हे पाचवीतल्या पोरालाही कळेल.

मला संताप कोणाचा आला ते खरं लिहितो. विश्रामचा. त्याला माहीत होतं तर जोरात का नाही बोलला? पाय धरायचे होते. होडीसमोर आडवं पडायचं होतं. बारा वर्षं हळू आवाजात "दोरीनं बांधा, दोरीनं बांधा" म्हणत राहिला नुसता! आणि ज्या एका वर्षी यानं डांबर लावून भोकं बंद केली ती मी…

पुढे लिहवत नाही.

७ मे, बुधवार

कोणाला दाखवायचं नाही असं ठरवलं.

का ठरवलं तेही लिहितो. विश्रामची खोली गेली तर त्याला बहीण आहे गावी, तो जाईल. पण आनंदला जर कळलं की त्याचा खुबा माझ्या स्क्रूंनी मोडला, तर तो वरच्या मजल्यावर आणि मी खाली, आम्ही जगायचं कसं? असा सरळ हिशेब.

पीयूष जेवायला गेल्यावर पहिला तुकडा ग्राइंडरनं चार ठिकाणी कापून भंगाराच्या पिंपात टाकला. मग दुसरा, मग तिसरा. चौथा हातात घेतला. हा आनंदच्या पायानं फुटलेला. फुटलेली कड पाहिली. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी आहे. सहा भोकं एका ओळीत, आणि तुकडा बरोबर त्या ओळीवर तुटलाय. म्हणजे डेक तिथे नुसता फाडून ठेवला होता मी, कोणीतरी पाय ठेवायचाच बाकी होता.

मशीन चालू करून उभा राहिलो. मग बंद केलं. तुकडा गोणपाटात गुंडाळून रेझिनच्या ड्रममागे ठेवला.

१४ मे, बुधवार

नवीन प्लायवुड बसवलं. या उन्हात रेझिन दहा मिनिटांत घट्ट होतं, हार्डनर अगदी कमी घालावा लागतो. काम चांगलं झालंय. डेकमध्ये आता कुठेही एक भोक नाही. दोरी बांधायला स्टीलच्या कड्या फायबरमध्येच मुरवून दिल्या.

दुपारी शेडच्या दारात रिक्षा थांबली. आनंद. एकटा. वॉकर टेकत टेकत आत आला, होडीच्या कडेला हात लावून उभा राहिला. मी खुर्ची दिली, बसला नाही. कड्यांवरून हात फिरवला. "दोरीसाठी?" म्हणाला. मी म्हटलं, हो. "छान केलंस दादा." मग म्हणाला, "जुना डेक कुठे आहे?"

"भंगारात दिला."

"सगळा?"

मी म्हटलं, "सडकं लाकूड ते, ठेवायचं कशाला?" तो माझ्याकडे बघत राहिला. आमची आई गेली त्या दिवशी असा बघत होता. मग म्हणाला, "चल, पीयूषच्या इथली शेव-उसळ चांगली असते म्हणतोस ना, मागव." आम्ही शेव-उसळ खाल्ली. मला तिखट लागलं नाही, गोड लागलं नाही.

१९ मे, सोमवार

सांगायचं म्हणून तलावावर गेलो. विश्रामला, एकट्याला. तो शेडबाहेर बसून जुन्या दोरीचे पीळ उकलत होता. उठून उभा राहिला, पाणी आणून दिलं.

मी काय बोललो? मी म्हटलं, "पुरात होडी कोणाला विचारून नेलीस?" आवाज चढला माझा. वीस मिनिटं ओरडत होतो. पुराचं, ताडपत्रीचं, मोटरच्या तेलाचं, सगळं काढलं. जे सांगायला गेलो होतो ते सोडून सगळं.

त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सभा एक तारखेला ना साहेब? तिथे बोला काय ते."

परत येताना रस्त्यात गाडी बाजूला घेऊन बसलो. माझ्यासारखा भित्रा माणूस बडोद्यात दुसरा नसेल.

३१ मे, शनिवार

ठरलं. उद्या चौथा तुकडा घेऊन जाणार आणि सांगणार. सरोजिनीला आज सगळं सांगितलं, मातीच्या डबीसकट. ती रागावेल वाटलं होतं. ती म्हणाली, "जेवून घ्या." मग पोळी वाढताना म्हणाली, "उशीर केलात हो." मला वाटलं जेवायला.

१ जून, रविवार

सभा दांडिया बाजारात, मंडळाच्या हॉलमध्ये. साठेक माणसं. विश्राम मागे दाराशी, धुतलेला पांढरा शर्ट घालून. आनंद पहिल्या रांगेत.

तुकोजीरावांनी माझा रिपोर्ट वाचायला घेतला. मी मध्येच उठलो. गोणपाट सोडून तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, तो रिपोर्ट खोटा आहे. ही भोकं माझी आहेत. ऐंशी भोकं मी पाडली, त्यांत माती मी भरली, मातीनं पाणी धरलं, त्यानं डेक सडला. विश्रामनं बारा वर्षं मला सांगितलं आणि मी त्याला झापलं. चाचणी घेतली आहे, तुकडे आणले आहेत. माझ्या भावाचा पाय मी मोडला.

मला वाटलं आता जोडे पडतील. पडले असते तर बरं झालं असतं.

मागून एक बाई उठल्या, तावातावानं. "बाप्पाच्या मातीनं होडी सडते म्हणताय? वीस वर्षं आम्ही तिथे डोकं टेकलं!" मग एकदम कलकलाट. बाप्पाच्या मातीला दोष देऊ नका. विज्ञान सांगू नका इथे. एक जण म्हणाला, एवढ्याशा भोकांनी काय होतं, माझ्या गॅलरीच्या दाराला पन्नास आहेत. मी चाचणीचे तुकडे वर करून दाखवत होतो. कोणी हातात घेतले नाहीत.

मग तुकोजीरावांनी हात वर केला. म्हणाले, "मंडळी, मनाचा मोठेपणा म्हणतात तो हा. एका गरीब माणसाला वाचवण्यासाठी सुभानराव स्वतःवर आळ घेतायत." टाळ्या! मी ओरडलो, अहो आळ नाही, खरं आहे! टाळ्या आणखी वाढल्या. आनंद वॉकर धरून उठला. म्हणाला, "दादा खरं बोलतोय. मी त्या डेकवर होतो. विश्रामची चूक नाही." तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. काय भाऊ आहेत, राम-लक्ष्मण, असं काहीबाही.

माझाच रिपोर्ट माझ्या अंगावर आला. इतका पक्का लिहिला होता मी. फोटो, मापं, तारखा. एकेक वाक्य ठोकून बसवलेलं. त्यापुढे माझी तोंडी बडबड कोण ऐकतो!

ठराव झाला. सर्वानुमते. विश्राम यांना होडीच्या जबाबदारीतून सन्मानानं मुक्त करण्यात येत आहे. खोली आठ दिवसांत. आणि लगेच ताट आलं, शाल, श्रीफळ. आधीच आणून ठेवलेलं. तुकोजीराव म्हणाले, "सुभानराव, तुमच्याच हस्ते." शाल माझ्या हातात. विश्राम समोर. साठ माणसं बघतायत.

मी शाल घातली त्याच्या खांद्यावर. फेकून द्यायची होती, निघून जायचं होतं. नाही गेलो. लाज वाटली. कशाची, तर सभेत तमाशा होईल याची. एवढं सगळं बोलून झाल्यावर मला तमाशाची लाज वाटली.

३ जून, मंगळवार

विश्राम आज गेला. आठ दिवसांची वाट बघितली नाही. मी गाडी घेऊन गेलो होतो, स्टेशनला सोडतो म्हटलं. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी. रिक्षा बोलावली आहे म्हणाला.

मी म्हटलं, "विश्राम, मी परवा खरं तेच बोललो."

"माहीत आहे साहेब. त्याच दिवशी कळलं होतं मला. आनंदरावांना वर काढलं तेव्हा फुटलेल्या कडेला माती दिसली."

"मग गप्प का बसलास? रिपोर्ट ग्रुपवर आला, तरी गप्प!"

तो वळकटीची दोरी आवळत होता. म्हणाला, "आनंदरावांनी हॉस्पिटलात हात धरून सांगितलं. दादाला कळू देऊ नका, तो झुरून मरेल. मी शब्द दिला. तेव्हा खोलीचं काही नव्हतं." रिक्षा आली. पेटी उचलायला मी वाकलो तर त्यानं ती माझ्या हाताखालून काढून घेतली. "साहेब, तुमच्यासाठी नाही बसलो गप्प. तुम्ही मला बारा वर्षांत एकदाही आवडला नाहीत. येतो आता. आवजो."

शाल खोलीतच होती, खिळ्याला टांगलेली. नारळ नेला त्यानं.

घरी येऊन जिना चढून वर गेलो. आनंद पलंगावर बसला होता. मी म्हटलं, तुला नऊ महिने माहीत होतं. तो रडायला लागला, मोठ्यानं, लहान असताना रडायचा तसा. "मला वाटलं दादा, खोलीपर्यंत जाणार नाही गोष्ट. मला वाटलं त्याआधी तूच बोलशील. रोज वाटायचं, आज बोलशील. त्या दिवशी गोरव्याला मी त्याचसाठी आलो होतो."

मी त्याच्याशेजारी बसलो. त्याला माझ्या बोलण्याची भीती वाटत होती, आणि मला त्याच्या. दोघांनी मिळून तिसऱ्याला घराबाहेर काढलं. आनंदला माफ करावं की त्याच्या थोबाडीत द्यावी, मला कळेना. सरोजिनी खालून चहाला हाक मारत होती, आम्ही कोणी गेलो नाही.

८ जून, रविवार

सकाळी मंडळाचा माणूस येऊन गेला. रंगीत कागदात गुंडाळलेली फ्रेम दिली. तुकोजीरावांकडून भेट. सभेतला फोटो मोठा करून आणलाय. मी विश्रामला शाल घालतोय. माझा हात त्याच्या खांद्यावर, दोघंही कॅमेऱ्याकडे बघतोय. मी किंचित हसलोय. हसलो होतो हे मला माहीतच नव्हतं. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलंय, "उदार अंतःकरणाचे सुभानराव."

सरोजिनी म्हणाली, "अहो, माळ्यावर टाकू का?"

मी म्हटलं, नको. माझ्या खुर्चीसमोर लाव. हातोडी तिच्याकडे दिली. मला आता कुठे काही ठोकायचं नाही. तिनं खिळा मारला, थोडा वाकडाच गेला. फ्रेम तिरकी लागलीय. तशीच असू दे म्हटलं.